चकचकीत पृष्ठभाग आणि टेंपरेचर गन: खरा आकडा कसा काढायचा

स्टीलचा एक पेला घ्या, बाहेरून जितका चकचकीत तितका चांगला. वायरमनची काळी इन्सुलेशन टेप त्याच्या एका बाजूला लावा. दोन-तीन पट्ट्या एकमेकींना खेटून, मध्ये फट न ठेवता, नखाने दाबून बसवा. आता पेल्यात कडकडीत गरम पाणी ओता, दोन मिनिटं थांबा आणि टेंपरेचर गन (वस्तूला न टेकवता तापमान दाखवणारं हत्यार) आधी टेपवर धरा, मग शेजारच्या उघड्या स्टीलवर. माझ्या टेबलावर टेपवर ७४ येतात आणि चार बोटं सरकलं की ३७. पाणी तेच, पेला तोच. गन स्टीलवर रोखलेली असतानाच दुसऱ्या हाताचा तळवा पेल्यासमोर आणा. आकडा दोन-चार अंशांनी चढतो. हात काढला की पुन्हा उतरतो.

भोसरी एमआयडीसीत मी मेंटेनन्सचं काम बघतो. दर वर्षी आयटीआयमधून नवे अप्रेंटिस येतात. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात पान्हा देण्याआधी मी हा पेला देतो, कारण टेंपरेचर गन दिसायला फार सोपं हत्यार आहे. घोडा दाबला की आकडा येतो, तोही दशांशासकट. न शिकताच वापरलं जाणारं असं दुसरं मोजमापाचं साधन आमच्या कपाटात नाही, आणि इतके चुकीचे आकडे लिहून ठेवले जातात तेही दुसऱ्या कुठल्या साधनाने नाही.

पेल्यात नेमकं काय घडलं

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरणं सोडत असते. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्याही पलीकडे, डोळ्याला काहीच दिसत नाही अशा जागी थर्मामीटर ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. तीच ही किरणं. आपली गन त्यातला साधारण ८ ते १४ मायक्रॉनचा पट्टा भिंगातून आत घेते आणि आलेल्या किरणांवरून वस्तू किती तापली असेल याचा हिशोब करते.

हिशोब चुकतो तो इथे. सारख्याच तापलेल्या दोन वस्तू सारखी किरणं सोडत नाहीत. काळी टेप, रबर, रंगवलेली भिंत, वीट, लाकूड, माणसाची कातडी या वस्तू किरणं भरपूर सोडतात. चकचकीत धातू फारच थोडी सोडतो आणि समोरच्या वस्तूंकडून आलेली आरशासारखी परत पाठवतो. या गुणाला एमिसिव्हिटी म्हणतात आणि ती शून्य ते एक या आकड्यात मोजतात. टेप ०.९५ च्या आसपास, कातडी ०.९८, काँक्रीट आणि वीट ०.९ च्या वर, स्वयंपाकघरातलं चकचकीत स्टील ०.१ ते ०.२ आणि घासून लखलखीत केलेलं तांबं किंवा ॲल्युमिनियम त्याहूनही खाली. स्वस्त गनमध्ये ०.९५ हा आकडा कायमचा बसवलेला असतो. म्हणजे समोर काहीही असो, गन ते टेपसारखंच आहे असं धरून चालते.

पेल्याच्या उघड्या भागाकडून आलेल्या किरणांत पेल्याची स्वतःची होती फार थोडी. बाकी सगळी खोलीची, भिंतींची आणि तुमच्या हाताची. तळवा समोर आणल्यावर आकडा चढला तो म्हणून.

तापमान वाढतं तशी ही चूकही वाढते. २०० अंशांवर तापलेलं चकचकीत स्टील ३० अंशांच्या खोलीत अशा गनला ७०-८० च्या घरात दिसू शकतं. ७५ हा आकडा बघून कुणालाच शंका येत नाही. उणे चाळीस आला असता तर माणूस थांबून विचार करतो. ७५ तो सरळ वहीत लिहितो, आणि मग कुणीतरी त्याच धातूला हात लावतो.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत किंवा एखाद्या जुन्या वाड्यात तांब्याचा बंब तापताना दिसला तर हेच उघड्यावर बघता येईल. चिंचेने घासलेल्या लखलखीत भागावर गन रोखली तर ती तुम्हाला वाड्याच्या भिंतींचं तापमान सांगेल. काजळी धरलेल्या भागावर रोखली तर बंबाच्या तापमानाच्या बरीच जवळ जाईल.

गन विकत घेताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात तर हजार-दोन हजारांत ढीगभर गन मिळतात. दुकानदार आधी सांगतो ती रेंज: उणे ५० ते ४००, ५५०, ८००. नवख्या माणसाने तिकडे फार लक्ष देऊ नये. घरात किंवा वर्कशॉपमध्ये ३०० च्या वर मोजायची वेळ क्वचित येते. तीन गोष्टी विचारा.

एमिसिव्हिटी बदलता येते का? येत असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

अंतर आणि वर्तुळाचं गुणोत्तर किती? ते गनच्या अंगावरच छापलेलं असतं, ८:१ किंवा १२:१ असं. निदान १२:१ घ्या. त्याचा अर्थ खाली येईलच.

अचूकता किती? बहुतेक गनवर ‘अधिक-उणे २ अंश किंवा २ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते’ अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. म्हणजे ३०० अंशांवर सहा अंश इकडेतिकडे होणं हे गन ठीक असल्याचंच लक्षण आहे. पडद्यावर दशांश दिसतो म्हणून मोजमाप दशांशापर्यंत खरं आहे असं होत नाही.

कोविडच्या काळात सोसायटीच्या गेटवर कपाळाला लावायच्या त्या गन वेगळ्या. त्या ताप बघण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांची रेंज माणसाच्या तापमानापुरती असते आणि कपाळाच्या आकड्यात भर घालून त्या अंगातलं तापमान दाखवतात. ती गन तव्यावर चालत नाही आणि तव्याची गन तापासाठी वापरू नये. या गनमधून किरणं डोक्यात जातात अशी भीती त्या वेळी बरीच पसरली होती. गन फक्त येणारी किरणं टिपते, मोजण्यासाठी स्वतः काहीच सोडत नाही. औद्योगिक गनमधून बाहेर पडतो तो एक बारीक लेझर, तोही नेम दाखवण्यापुरता. तो मात्र कुणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नका. चकचकीत धातूवरून उलटून स्वतःच्याच डोळ्यात येतो, हेही लक्षात ठेवा.

मोजण्याआधी गनला जागेवर रुळू द्या

गनमधला सेन्सर समोरून येणाऱ्या उष्णतेची तुलना स्वतःच्या तापमानाशी करतो. एसी ऑफिसच्या ड्रॉवरमधून काढून एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये नेलेली गन पहिली पंधरा-वीस मिनिटं स्वतःच बदलत असते, आणि तिच्याबरोबर आकडाही. म्हणून मोजायच्या जागी गन आधी नेऊन ठेवा, सावलीत. अर्धा तास मिळाला तर उत्तम. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली गन लगेच वापरू नका.

पावसाळ्यात आणखी एक अडचण होते. एसीतून बाहेर आणलेल्या थंड भिंगावर दमट हवेत बाष्प धरतं. डोळ्याला ते कधी दिसतं, कधी नाही, पण आकडा बिघडतो. रुळू दिलं की तेही जातं. भिंगावर तेल किंवा धूळ असेल तर कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा. शर्टाच्या टोकाने पुसू नका. शर्टावरच्या धातूच्या बारीक किसाने भिंग कायमचं ओरखडतं.

बर्फाची परीक्षा

पैसे न लागता गन तपासायची ही सगळ्यात चांगली रीत. पसरट, खोल, प्लास्टिकचं किंवा काचेचं भांडं घ्या, स्टीलचं नको. त्यात बर्फ कुटून काठोकाठ भरा, वर थोडं पाणी घाला, ढवळा आणि पाच मिनिटं राहू द्या. मोजायच्या क्षणी परत ढवळा. गन बरोबर वरून, आठ-दहा सेंटिमीटरवरून सरळ खाली धरा आणि चटकन मोजून बाजूला घ्या, म्हणजे भिंगावर दव धरणार नाही. आकडा उणे दोन ते अधिक दोनच्या आत आला तर गन कामाची आहे. चार-पाच अंश चुकत असेल तर बॅटरी बदला, भिंग पुसा, रुळू द्या आणि परत करून बघा. तरीही तेच आलं तर त्या गनवर विसंबू नका.

मुलं विचारतात, “सर, मग दुसरं टोक उकळत्या पाण्यावर तपासू या का?” वाफ भिंगावर बसते, म्हणून उकळत्या पातेल्यावर गन धरू नये. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ला उकळतच नाही. ९८ च्या आसपास उकळतं. वरच्या टोकाला तो टेप लावलेला पेलाच वापरा. गरम पाण्यात बुडवायचा साधा डिजिटल थर्मामीटर सोडा, ढवळा आणि टेपवरच्या आकड्याशी ताडून बघा. पेल्याची बाहेरची बाजू पाण्यापेक्षा अंश-दोन अंश थंड असते, एवढी सूट द्या.

कामाच्या गडबडीत एवढा वेळ नसेल तर गन स्वतःच्या तळव्यावर धरा. ३२ ते ३५ च्या दरम्यान यायला हवं. ही परीक्षा ढोबळ आहे, पण बिघडलेली गन यातही पकडली जाते.

ज्यांना ग्राहकाला रिपोर्ट द्यायचा असतो त्यांनी एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेशन करून घ्यावं. पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात अशा लॅब आहेत. सर्टिफिकेटवर कोणत्या तापमानांना आणि कोणत्या एमिसिव्हिटीवर तपासलं ते वाचा. नुसता शिक्का बघून फाइलला लावू नका.

समोर काय आहे ते ओळखा

सगळं खरं काम इथे आहे. गन उचलण्याआधी एक प्रश्न विचारा: या पृष्ठभागात मला माझं प्रतिबिंब, निदान एखादी सावली किंवा चमक दिसते का? धातू आहे आणि चमकतो आहे, तर थांबा. धातूवर रंग आहे, जाड गंज आहे, काजळी आहे किंवा जुनं तेल जळून बसलं आहे, तर बहुतेक चालेल. धातू नसेल तर जवळजवळ नेहमीच चालेल.

रंगाबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. पांढरा रंग प्रकाश परतवतो, म्हणून गनलाही फसवत असेल असं लोकांना वाटतं. साधा पांढरा ऑइलपेंट आणि साधा काळा, दोघांचीही एमिसिव्हिटी ०.९ च्या वर-खालीच असते. डोळ्याला पांढरं दिसणारं या किरणांना काळंच आहे. अपवाद चंदेरी रंगाचा. त्यात ॲल्युमिनियमची पूड असते, त्यामुळे चंदेरी रंगवलेला पत्रा किंवा पाइप कमी आकडा दाखवतो.

चमकत्या धातूला उपाय एकच, त्यावर न चमकणारी जागा तयार करणं. साधी पीव्हीसी टेप ८० अंशांपर्यंत ठीक. त्याच्या वर ती आकसते, चिकट ओघळतो. जास्त तापणाऱ्या जागेसाठी बाइकच्या सायलेन्सरला मारतात तो बिनचमकीचा काळा उष्णतारोधक स्प्रे वापरा. छोट्या जागेवर ऑफिसातल्या व्हाइटनरचा ठिपकाही चालतो. खाण्याच्या भांड्याला यांतलं काहीही लावायचं नाही.

टेप लावल्यावर थोडं थांबा, म्हणजे ती धातूइतकी तापेल. खाली हवेचे फुगे राहिले तर टेप धातूपेक्षा थंडच राहते. टेपची रुंदी जेमतेम १८-१९ मिलिमीटर असते, त्यामुळे एक पट्टी पुरत नाही. तीन पट्ट्यांचा चौकोन करा.

गनमध्ये एमिसिव्हिटी बदलता येत असेल तर टेपवरचा आकडा लिहून घ्या, मग शेजारच्या उघड्या जागेवर गन धरून तोच आकडा येईपर्यंत सेटिंग खाली आणा. त्या पृष्ठभागाची एमिसिव्हिटी सापडली. पुढच्या वेळी टेप लागणार नाही. पण हे गंजलेल्या किंवा मळकट धातूपर्यंतच. सेटिंग ०.५ च्या खाली जायला लागली तर ही रीत सोडून द्या. तिथे समोरचा माणूस हलला तरी आकडा बदलतो, टेपच खरी.

अंतर: लाल ठिपक्यावर जाऊ नका

गन त्या लाल ठिपक्याचं तापमान घेते असं जवळजवळ प्रत्येक नव्या मुलाला वाटतं. गन एका वर्तुळाची सरासरी घेते आणि ते वर्तुळ डोळ्याला दिसत नाही. १२:१ म्हणजे १२ सेंटिमीटरवर १ सेंटिमीटर, ६० सेंटिमीटरवर ५ सेंटिमीटर, ३ मीटरवर २५ सेंटिमीटर. जमिनीवर उभं राहून छताजवळच्या दोन इंची पाइपवर नेम धरला तर त्या वर्तुळात पाइप थोडा आणि स्लॅब जास्त असतो. आलेला आकडा ना पाइपचा ना स्लॅबचा. वर्तुळाच्या कडेबाहेरूनही थोडी किरणं येतातच, म्हणून मोजायची जागा वर्तुळाच्या निदान दुप्पट हवी. टेपचा चौकोन साडेपाच सेंटिमीटरचा असेल तर १५ ते २० सेंटिमीटरवरून मोजा.

अगदी चिकटून धरणंही चूक. वर्तुळ भिंगापेक्षा लहान होत नाही. लेझर भिंगाच्या दोनेक सेंटिमीटर वर किंवा खाली असतो, त्यामुळे जवळून ठिपका एकीकडे आणि मोजमाप दुसरीकडे असं होतं. शिवाय गरम वस्तूच्या तोंडाशी धरलेली गन स्वतःच तापते.

गन शक्यतो काटकोनात धरा. थोडी तिरकी चालते. पण साठ अंशांपेक्षा जास्त कललेल्या नजरेला भिंतसुद्धा चमकायला लागते. दुपारच्या रस्त्यावर लांबून पाणी साचल्यासारखं दिसतं, त्याचं कारण वेगळं आहे, पण तिरक्या नजरेचा भरवसा नाही एवढं ते दृश्य लक्षात आणून देतं.

काचेतून, ॲक्रिलिकच्या झाकणातून किंवा वाफेतून मोजता येत नाही. डोळ्याला आरपार दिसतं, गनला तिथे भिंत असते. ओव्हनच्या दारावर धरली तर दाराचं तापमान मिळेल.

पॅनल

माझी स्वतःची सगळ्यात महागडी चूक इथली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात मेन पॅनलची तपासणी माझ्याकडे होती. दर आठवड्याला दार उघडून तिन्ही फेजच्या लगवर (केबलच्या टोकाला बसवलेल्या, बोल्टने जोडायच्या धातूच्या तुकड्यावर) गन धरायची आणि आकडे वहीत लिहायचे. लग नवे, कथिलाचा मुलामा दिलेले, चमकणारे. प्रत्येक आठवड्यात ३८, ३९, ३८. अक्षर सुंदर, रकाने भरलेले. एका रात्रपाळीत जळका वास आला. मधल्या फेजच्या केबलचं इन्सुलेशन लगपासून वीतभर तडकून काळं पडलं होतं, बोल्ट सैल होता. तो जोड एका दिवसात तापला नव्हता. कित्येक आठवडे तापत होता आणि मी त्याच्या अंगात परावर्तित झालेल्या पॅनलच्या दाराचं तापमान लिहीत होतो. कुणाला इजा झाली नाही. लाइन दीड दिवस बंद राहिली.

त्या दिवसापासून मी लगवर गन धरत नाही. लगला लागून असलेल्या केबलच्या पीव्हीसी आवरणावर किंवा स्लीव्हवर धरतो. त्याची एमिसिव्हिटी ०.९५ च्या जवळच असते आणि लगची उष्णता तांब्यातून सरळ तिथे येते. तो आकडा लगपेक्षा थोडा कमी असेल, पण खोटा नसेल. मोठ्या बसबारवर (पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर) शटडाउनच्या वेळी, सप्लाय बंद करून, कुलूप-पाटी लावून आणि टेस्टरने खात्री करूनच काळ्या रंगाचे ठिपके मारून घ्यावेत. चालू पॅनलमध्ये टेप चिकटवायला हात घालायचा नाही. कुणीही, कधीही. चालू पॅनलचं दार उघडून मोजणंही परवानाधारक वायरमनचं काम आहे, शिकाऊचं नाही.

पॅनलमध्ये नुसत्या आकड्यापेक्षा फरक बोलतो. आर, वाय, बी या तिन्ही फेजवर भार सारखा, जोड सारखा, तर तापमानही जवळपास सारखं हवं. एक फेज चार-पाच अंशांनी वर असेल तर पुढच्या शटडाउनला जोड उघडून बघा. पंधराच्या वर असेल तर शटडाउनची वाट बघू नका. त्याच वेळी टाँग टेस्टरने (केबलभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायच्या मीटरने) अँपिअर मोजून लिहा, कारण जोडावरची उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. भार निम्मा असताना हवेपेक्षा १० अंश वर दिसणारा जोड पूर्ण भाराला ४० अंश वर जाईल. रविवारी मशिन बंद असताना काढलेले आकडे म्हणूनच निरुपयोगी.

मोटर आणि बेअरिंगचं काम त्या मानाने सोपं. हाउसिंगवर रंग असतो, त्यावर धरा. फिरणारा चकचकीत शाफ्ट किंवा पुली मोजायचा मोह टाळा.

गच्ची आणि पत्रा

एप्रिल-मे आला की सोसायटीतली मंडळी गन मागायला येतात. गच्चीला पांढरा रंग मारला, फरक पडला का ते बघायचं असतं. या कामाला गन छान आहे, कारण सिमेंट आणि रंग दोन्ही तिला नीट दिसतात. रंगवलेला आणि न रंगवलेला भाग शेजारी असतील तर दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, एकाच मिनिटात, दोन्हीकडे चार-चार ठिकाणी मोजा. दहा-पंधरा अंशांचा फरक सहज सापडतो. मोजताना जागेवर स्वतःची सावली फार वेळ पडू देऊ नका. आणि स्लॅबच्या खालून, खोलीतल्या छतावरही मोजा. राहणाऱ्याला झळ लागते ती तिथून, आणि ती ऊन उतरल्यावरही लागत राहते.

गच्चीवरचा नवा कोरा पत्रा मात्र हमखास फसवतो. पाय ठेववत नाही इतका तापलेला असतो आणि गन हवेइतकंसुद्धा तापमान दाखवत नाही. त्यात आकाश परावर्तित होत असतं. खात्री करायची तर सूर्य सोडून निरभ्र आकाशावर गन धरून बघा. हिवाळ्यात आकडा शून्याच्या खाली जातो. पत्र्यावर टेपचा चौकोन लावला की खरं कळतं.

काही जण गच्चीवरचा आकडा सिमला ऑफिसच्या, म्हणजे पुण्यातल्या हवामान खात्याच्या, आकड्याशी ताडून म्हणतात, “सिमला ऑफिस ३९ सांगतंय आणि इथे ५८!” दोन्ही बरोबर आहेत. हवामान खातं हवेचं तापमान मोजतं, सावलीत, झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरने. गनला हवा दिसतच नाही. खोलीत किती गरम आहे हे या गनने मोजता येत नाही, फार तर भिंत किती तापली ते मोजता येतं.

तवा आणि कढई

बिडाचा किंवा लोखंडी, वापरून काळा झालेला तवा गनला उत्तम दिसतो. मध्यभागी, कडेला आणि त्या दोहोंच्या मध्ये, असं तीनदा मोजा. घरच्या शेगडीवर मधोमध आणि कडेत मोठा फरक असतो. डोसा मध्येच करपतो तो त्यामुळे. डोशाला १८० ते २०० च्या दरम्यान तवा बरा. मोजताना आच बारीक करा, म्हणजे कडेने वर येणारी ज्योत वर्तुळात येणार नाही.

नव्या ॲल्युमिनियमच्या किंवा स्टीलच्या भांड्यावर सरळ मोजू नका. तेल तापवत असाल तर तेलावर मोजा, पण ते निदान बोटभर खोल हवं. तेलाच्या पातळ थरातून खालचा धातू डोकावतो. मोजण्याआधी झाऱ्याने ढवळा, कारण गन फक्त वरचा थर बघते आणि न ढवळलेल्या तेलात वर-खाली फरक असतो. तळणाला १७०-१८०. ओला पदार्थ सोडल्यावर वाफ उठते, त्यानंतरचा आकडा सोडून द्या.

वही

आकडा एकटा लिहू नका. जागा कोणती, पृष्ठभाग कसला, टेपवर की रंगावर, किती अंतरावरून, आजूबाजूचं तापमान किती, भार किती. आमच्या वहीतली एक ओळ अशी असते: ‘दु. ३.१०, पॅनल ३, बी फेज, वरच्या लगजवळ स्लीव्हवर, १५ सेंमी, ५२, शेडमध्ये ३६, १८० अँपिअर.’ एकाच जागी तीनदा मोजा. तिन्ही आकडे अंशा-दोन अंशांत असतील तर मधला लिहा, नसतील तर हात हलतोय किंवा वर्तुळात दुसरं काहीतरी येतंय. मोजायच्या जागेभोवती शटडाउनला पेंट मार्करने एक गोल काढून ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात दुसऱ्या पाळीचा मुलगासुद्धा त्याच जागेवर मोजेल.